काकीनाडाचा उपसागर: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात समुद्राचा विषय निघाला का लोक गोवा, नाहीतर मग कोकण, एवढंच बोलतात. आंध्रातल्या काकीनाडाचं नाव काढलं का पुढचा माणूस आधी "ते कुठं आलं" विचारते आणि मग एकामागून एक तेच प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एकाच जागी लिहून ठेवली. क्रम असा काही नाही, जसे प्रश्न येत गेले तसे घेतले.

काकीनाडाच काहून? नागपूरच्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध?

दोन संबंध आहेत. पहिला, अंतर. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारा. नागपूरवरून मुंबई पावणेसातशे किलोमीटरच्या आसपास येते आणि काकीनाडा पावणेसहाशेच्या आत. म्हणजे आपल्याला सगळ्यात जवळचा समुद्र अरबी नाहीच, बंगालच्या उपसागराचा आंध्रातला किनारा आहे, पण शाळेत आपण महाराष्ट्राचा नकाशा पाठ केला आणि त्यात समुद्र पश्चिमेला रंगवलेला, मग डोक्यात तोच बसला.

दुसरा संबंध पाण्याचा, आणि माझ्या मते तो जास्त पक्का. नागपुरात पडलेला पाऊस मुंबईकडे जातच नाही, तो गोदावरीत जाते आणि गोदावरीचं एक तोंड याच उपसागरापाशी उघडते.

म्हणजे नाग नदीचं पाणी खरंच तिथपर्यंत पोचते का?

वाट तरी तीच आहे. लाव्हाच्या टेकड्यांतून निघून अंबाझरीवरून शहरात शिरते ती नाग नदी, पुढे पूर्वेला जाऊन कन्हानला मिळते. पेंचचं पाणीही कन्हानमध्येच येते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते (आंभोऱ्याचा तो नवीन पूल बघायला अर्धं नागपूर जाऊन आलं, पण खालचं पाणी कुठून कुठं चाललं हे कोणी विचारत नाही). मग गोसेखुर्दचं धरण, पवनी, वडसा, गडचिरोली जिल्हा, चपराळ्याजवळ वर्धा नदी येऊन मिळते आणि तिथून पुढे नाव बदलून प्राणहिता. सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीत जाते. आणि पाणलोट क्षेत्र मोजलं तर गोदावरीची सगळ्यात मोठी उपनदी म्हणजे ही प्राणहिताच, त्र्यंबकेश्वरवरून निघालेल्या गोदावरीला खरी ताकद विदर्भाच्या पाण्याने येते. नाशिकवाल्यांना हे सांगून बघा, चेहरा पाहण्यासारखा होते.

पुढे भद्राचलम, मग पापीकोंडलूच्या डोंगरांमधून पूर्व घाट फोडून राजमहेंद्री. त्याच्या खाली धवळेश्वरमला ऑर्थर कॉटन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८४७ ते १८५२ मध्ये बंधारा बांधला, आताचं बॅरेज नंतरचं आहे पण नाव त्याचंच. तिथून गोदावरी फुटते, मोठ्या दोन शाखा गौतमी आणि वसिष्ठा. गौतमीच्या दोन लहान फांद्या, कोरिंगा आणि गाडेरू, उत्तरेला वळून थेट काकीनाडाच्या उपसागरात उतरतात.

आता प्रामाणिक उत्तर असं, का उन्हाळ्यात नाग नदीत वाहते ते बहुतेक शहराचं सांडपाणी आणि ते गोसेखुर्दच्या जलाशयातच जाऊन थांबते. पावसाळ्यात धरणाची दारं उघडतात तेव्हा मात्र वाट मोकळी असते.

हा उपसागर दिसतो कसा? नकाशावर सापडत नाही.

झूम करा. काकीनाडा शहर पश्चिमेला, दक्षिणेला खारफुटीचं जंगल, आणि पूर्वेला समुद्रात दक्षिणेकडून उत्तरेकडे गेलेली वाळूची एक लांब बारीक पट्टी. या तिघांच्या मधात जे पाणी अडकलं तो काकीनाडाचा उपसागर. तोंड उत्तरेला. पाणी बरंचसं उथळ आणि गढूळ, गोदावरीचा गाळ असल्यामुळे निळंशार वगैरे काही नाही, इन्स्टावरचे फोटो बघून जाणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्या.

भरती-ओहोटीचाही फरक आहे. मुंबईला मोठ्या भरतीला पाणी पाचेक मीटर वर-खाली होते, इथे दीड मीटरच्या आसपासच. पण जमीन इतकी सपाट आहे का तेवढ्यातही मैलभर चिखल उघडा पडते आणि पक्ष्यांची सगळी मजा त्या चिखलातच.

होप आयलंड म्हणजे तीच वाळूची पट्टी का? बेट आहे का नाही?

तीच. सोळाएक किलोमीटर लांब. बेट म्हणतात पण जन्माने ती वाळूची जीभ आहे. गोदावरी गाळ आणून टाकते, किनाऱ्याच्या लाटा आणि प्रवाह तो उत्तरेला ढकलत नेतात, आणि गेल्या दोनेकशे वर्षांत त्यातून ही पट्टी लांबत गेली. म्हणजे पेशवाईच्या सुरवातीच्या नकाशात ती शोधू नका.

तिचा उपयोग काय म्हणाल तर वादळात खुल्या समुद्राच्या लाटा आधी तिच्यावर आपटतात, आतलं पाणी त्या मानाने शांत राहते. त्याच भरवशावर काकीनाडाचं बंदर चालते, मोठी जहाजं बाहेर नांगर टाकून उभी राहतात आणि लहान बार्जमधून तांदळाची पोती त्यांच्यापर्यंत नेतात. तांदूळ निर्यातीत या बंदराचं नाव मोठं आहे. वादळापासून वाचवते म्हणून होप, आशा, असं तिकडचे लोक सांगतात. पटण्यासारखं आहे.

उपसागर, आखात, खाडी यात फरक काय? हिंदीत तर बंगाल की खाड़ी म्हणतात.

आपल्या नागपुरात हिंदी-मराठीची खिचडी असल्यामुळे हा घोळ होतोच. मराठीत खाडी म्हणजे नदीच्या मुखातून आत शिरलेलं खारं पाणी, ठाण्याची, वसईची. आखात जमिनीत खोल घुसलेलं, तोंड अरुंद, जसं खंबातचं. उपसागर त्याहून मोकळा, रुंद तोंडाचा. हिंदीत या सगळ्यालाच खाड़ी चालते. काकीनाडाचा उपसागर लहान आहे, बंगालचा जगातला सगळ्यात मोठा, पण दोघांनाही उपसागरच म्हणायचं.

काकीनाडा, कोकोनाडा, कोरिंगा... एवढी नावं कशी काय?

काकीनाडाचं इंग्रजांच्या काळातलं स्पेलिंग वाचलं तर कोकोनाडा असं काहीतरी होते. १९२३ ची काँग्रेस तिथेच भरली होती (१९२० ची आपल्याकडे नागपुरात), त्या काळच्या कागदपत्रांत हेच स्पेलिंग दिसते. स्वातंत्र्यानंतर काकीनाडा. नाव कुठून आलं यावर कावळ्यांपासून काकासुरापर्यंत गोष्टी आहेत. कॅनडाशी जोडणारी पण एक गोष्ट फिरते, ती सोडून द्या, इंग्रजी स्पेलिंगवरून कोणीतरी काढलेली गंमत आहे ती.

शहराचा एक भाग जगन्नाथपुरम, तिथे डचांची वखार होती, १८२५ मध्ये ती इंग्रजांकडे गेली.

कोरिंगाची गोष्ट जास्त भारी आहे. तेलुगूत कोरंगी. आज लहानसं गाव, पण अठराव्या शतकात मोठं बंदर होतं, जहाजं बांधायचे तिथे. नाव कलिंगवरून आलं असावं असा एक जुना अंदाज. गावचे लोक मात्र सांगतात का रामाने सोनेरी हरणाच्या रूपातल्या मारीचाला इथे मारलं, हरीण म्हणजे कुरंग, म्हणून कोरंगी. हे बंदर इतकं चालायचं का तिथून ब्रह्मदेशात गेलेल्या तेलुगू मजुरांना तिकडे सरसकट कोरिंगी म्हणत. एका गावाचं नाव अख्ख्या समाजाला चिकटलं.

मग ते बंदर गेलं कुठे?

वादळात गेलं. डिसेंबर १७८९ मध्ये चक्रीवादळ आलं आणि समुद्राच्या तीन प्रचंड लाटा एकामागून एक गावावर चढल्या. त्यातून कसंबसं उभं राहिलं तर नोव्हेंबर १८३९ मध्ये परत तसंच. त्यानंतर मात्र बंदर पूर्वीसारखं उभं राहिलंच नाही, धंदा काकीनाडाकडे गेला. १८३९ च्या वादळात तीन लाख लोक मेले असा आकडा नेटवर सगळीकडे कॉपी-पेस्ट झालेला सापडेल, मला तो फार फुगवलेला वाटते, त्या काळी त्या टापूत एवढी वस्ती कुठून असणार. पण गाव उद्ध्वस्त झालं याबद्दल वाद नाही.

आणि याच्यात एक गोष्ट जगाला माहिती पाहिजे अशी आहे. हेन्री पिडिंग्टन नावाचा माणूस कलकत्त्यात बसून अशा वादळांची माहिती गोळा करत होता, कोरिंगाच्या १७८९ च्या लाटांचं वर्णनही त्याने लिहून ठेवलं, आणि १८४८ मध्ये त्यानेच 'सायक्लोन' हा शब्द काढला, सापाच्या वेटोळ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून. आपण हवामान खात्याच्या बातम्यांत ऐकतो तो शब्द अशा वादळांच्या अभ्यासातून आलेला आहे.

या वादळांचा नागपूरला काही फरक पडते का?

पडते म्हणजे काय, आपला पाऊसच तिथून येते! पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला का तो वायव्येला सरकत ओडिशा, छत्तीसगड करत विदर्भात येते. कोकणात धो-धो चालू असताना नागपूर कोरडं आणि कोकण थांबल्यावर इथे झड, हे आपण दरवर्षी बघून राहिलो. तिकडून ढगातून आलेलं पाणी वैनगंगेने परत तिकडेच जाते.

जंगल कसं आहे? ताडोबा-पेंचची सवय असलेल्याला आवडेल का?

सफारी डोक्यात ठेवून जाल तर नाही आवडणार. जिप्सी नाही, वाघ नाही. कोरिंगा अभयारण्य १९७८ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २३५ चौरस किलोमीटरच्या वर, आणि त्यातलं बरंचसं खारफुटी, खाजणं आणि पाणी. सुंदरबनएवढं मोठं नाही पण पूर्व किनाऱ्यावरच्या महत्त्वाच्या खारफुटी जंगलांमधलं एक.

जंगलातून लाकडी पुलासारखी पायवाट केली आहे, त्यावरून चालत जायचं, दोन्ही बाजूला चिखल. चिखलातून पेन्सिलीएवढ्या मुळ्या वर आलेल्या दिसतील, हजारो, त्या तिवराच्या. चिखलात हवा नसते म्हणून झाड श्वास घ्यायला मुळ्याच वर काढते. खाली उकिडवं बसून पाच मिनिटं गप्प राहिलं का चिखल हलायला लागते. एका बाजूचा नांगा मोठा असलेले खेकडे तो हलवून एकमेकांना दाखवतात, आणि निवट्या नावाचा मासा, जो पाण्याबाहेर चिखलावर उड्या मारत फिरते. लहान पोट्ट्यांना घेऊन गेलात तर ते वाघ विसरून जातील.

एक सूचना. तिथे गेवा नावाचं झाड भरपूर आहे, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकते. पानं तोडत चालायची सवय असेल तर घरी ठेवून या.

मासे पकडणारं मांजर खरंच असते का? दिसते का?

असते. मासेमार मांजर, तेलुगूत बावुरू पिल्ली. आपल्या गल्लीतल्या बोक्याच्या जवळपास दुप्पट, आखूड पाय, अंगावर ठिपक्यांच्या ओळी, बोटांमध्ये थोडी कातडी आणि नखं पूर्ण आत जात नाहीत. पाण्याच्या काठावर बसते, पंजा मारते, कधी सरळ उडी घेऊन मासा काढते. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाएवढंच संरक्षण. कोरिंगात कॅमेरा लावून मोजणी झाली तेव्हा शंभराच्या वर भरली, आणि हे जंगल त्यांच्यासाठी देशातल्या चांगल्या जागांपैकी मानतात.

दिसायचं म्हणाल तर सकाळी दहाच्या बोटीत बसून नाही दिसणार, रात्रीचं जनावर आहे. पाणमांजरं मात्र दिवसा दिसू शकतात, चारपाचची टोळी आवाज करत पोहते. हीच जात पेंचला आणि गोंदियाकडे पण आहे, फक्त तिकडे गोडं पाणी आणि इथे खारं. कोल्हेही आहेत, चिखलात खेकडे शोधत फिरतात.

कासवं कधी येतात?

ऑलिव्ह रिडले कासवं. साधारण जानेवारी ते एप्रिल, होप आयलंडच्या आणि गोदावरीच्या मुखाजवळच्या वाळूवर. ओडिशात गहिरमाथ्याला जसे लाखोंनी एकदम येतात तसं इथे नाही, एक इथे एक तिथे असं सुटं घरटं. मादी रात्री वर येऊन खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, बुजवते आणि निघून जाते, परत बघायला पण येत नाही. पिल्लं दीड-दोन महिन्यांनी निघतात. नर का मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते, वाळू जास्त तापली तर माद्या जास्त.

सगळ्यात मोठा धोका ट्रॉलरच्या जाळ्याचा, कासवाला श्वासासाठी वर यावंच लागते आणि जाळ्यात अडकलं का बुडून मरते. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून मासेमारी बंदी असते, पण अंडी घालायचा मुख्य काळ त्याच्या आधीच सुरू होऊन गेलेला असते, हा त्यातला गोम आहे. रात्री टॉर्च घेऊन वाळूवर कासव शोधायला जायचा प्लॅन कृपया करू नका. प्रकाशाने मादी परत फिरते.

पक्षी बघायला कधी जायचं?

डिसेंबर ते फेब्रुवारी. काकीनाडाजवळ कुंभाभिषेकम म्हणून जागा आहे, मंदिरामागे ओहोटीला मोठा चिखलपट्टा उघडा पडते. कुरव, चिखले, सुरय यांचे थवे. नशीब असलं तर पाणचिरा, ज्याची खालची चोच वरच्यापेक्षा लांब असते आणि पाणी चिरत उडते. दुर्मिळ झाला आहे आता. भरतीचं टाइमटेबल बघूनच जा, भरतीला गेलात तर नुसतं पाणी दिसेल आणि मग मला शिव्या द्याल.

पुलासा मासा काय भानगड आहे? एवढा महाग काहून?

हिलसाच आहे तो, कोकणात पाला म्हणतात. समुद्रात असते तोवर साधा, पण जुलै ते सप्टेंबरमध्ये गोदावरीला लाल पूर आला का अंडी घालायला उलट पोहत नदीत चढते, आणि गोड्या पाण्यात चढलेल्याला पुलासा म्हणतात. चव बदलते म्हणतात. एक-एक मासा हजारो रुपयांना जाते, आणि गोदावरीकाठी म्हण आहे का मंगळसूत्र विकावं लागलं तरी चालेल पण पुलासा खावा. धवळेश्वरमची भिंत मधात असल्यामुळे त्याला फार वर जाता येत नाही, म्हणून पकडला जाते तो बहुतेक तिथपर्यंतच. समुद्रातला हिलसा पुलासा म्हणून विकणारेही आहेत, हॉटेलात सांभाळून.

कधीकाळी नागपूरचा स्वतःचा समुद्रकिनारा होता हे खरं का?

खरं आहे, पण काकीनाडा नाही, ओडिशा. रघुजी भोसल्यांनी १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दी खान याच्याकडून ओडिशा मिळवला, त्यामुळे पुरी, बालासोरचा किनारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात आला. १८०३ च्या देवगावच्या तहात तो इंग्रजांना द्यावा लागला. म्हणजे पन्नास वर्षं समुद्र आपला होता. काकीनाडाचा भाग तेव्हा उत्तर सरकार (इंग्रजीत नॉर्दर्न सर्कार्स) नावाच्या किनारी प्रांतात होता, तिकडे आधी निजाम आणि फ्रेंच, नंतर इंग्रज.

उप्पाडा बीच समुद्राने खाल्ला असं ऐकलं?

खाऊन राहिला अजून. काकीनाडाच्या उत्तरेला उप्पाडा, तिथे रस्ता, घरं, मंदिरं पाण्यात गेली, दगडं टाकले, वाळू भरलेल्या मोठ्या नळ्यांची भिंत केली, तरी थांबत नाही. कारण असं सांगतात का होप आयलंडची पट्टी वाढल्यामुळे लाटांची दिशा आणि वाळूची वाट बदलली, वाळू पट्टीतच अडकते आणि उत्तरेला पोचत नाही. त्यात गोदावरी खोऱ्यात एवढी धरणं झाली का गाळच आधीसारखा खाली येत नाही. म्हणजे जी पट्टी शहराला वाचवते तीच शेजारच्या गावाला महागात पडून राहिली. आणि धरणांच्या यादीत आपल्या बाजूचीही आहेत.

उप्पाडाच्या जामदानी साड्या प्रसिद्ध आहेत. हे घरी आधी सांगितलं तर ट्रिपला परमिशन लवकर मिळते.

सूर्यास्त कुठून छान दिसते?

समुद्रावर दिसणारच नाही, पूर्व किनारा आहे. सूर्योदय बघा, पाचला उठा.

जायचं कसं, आणि मे महिन्यात चालेल का?

नागपूरवरून बल्लारशा, वरंगल करत विजयवाडा, दिल्ली-चेन्नई लाइनच्या भरपूर गाड्या आहेत. विजयवाड्यावरून सामलकोट किंवा काकीनाडाची गाडी. मेन लाइनवर सामलकोट आहे, काकीनाडा तिथून आत फाट्यावर, त्यामुळे तिकीट काढताना दोन्ही स्टेशनं टाकून बघा. कोरिंगाचं जंगल काकीनाडावरून वीसेक किलोमीटर, ऑटो मिळते. बोट वनखात्याच्या नियमाने आणि पाण्याच्या पातळीनुसार चालते, होप आयलंडला सोडतील का नाही हे त्याच दिवशी विचारायचं.

मे महिन्यात नका जाऊ. नागपूरचे ४५ डिग्री सहन करणारा माणूस तिथल्या ३८ मध्ये घामाने बेजार होते, हवा दमट आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर वादळांचा सीझन. जानेवारी सगळ्यात बरं.

खायला तिखट असते का?

सावजी पचवणाऱ्याने हा प्रश्न विचारू नये. व्हेज जेवणही भरपूर मिळते. काकीनाडाचा खाजा आणायला विसरू नका, नळीसारखा लांबट, वरून कोरडा आणि चावला का आतून पाक निघते. शर्टवर सांडते.

यानम जवळ आहे म्हणे, परमिट वगैरे?

काही लागत नाही. तीसेक किलोमीटर, गौतमी गोदावरीच्या काठावर. १९५४ पर्यंत फ्रेंचांकडे होतं आणि आजही पुद्दुचेरीत मोडते, चारी बाजूंनी आंध्र. दारू स्वस्त आहे, म्हणून परत येताना चेकपोस्टवर बॅगा उघडतात.